अक्काचा सज्जा आणि काठीची वाट

सज्जा म्हटलं की तुमच्या डोक्यात काय येणार ते मला ठाऊक हाय. वर कठड्याला टेकून एक पोरगी उभी, आणि खाली रस्त्यात मी, केसाला तेल चोपडून शीळ घालतोय. तर वर पोरगी होती, कबूल. पण ती माझी सख्खी थोरली बहीण, आणि शीळ घालायची सोडा, माझ्या तोंडाला कोरड पडलेली. दुसरं कुणी म्हणंल, हा नकल्या पोरगा, म्हणजे आता हसवणार. हसा की. मीपण हसतच होतो, पौष लागेपर्यंत.

गावात घर बांधायचं तर नकाशा काढून कचेरीत द्यायचा, आणि महिन्यातनं एकदा बसणाऱ्या कमिटीनं तो पास करायचा, ही रीत. मी नकाशे काढून देणाऱ्या एका मास्तरांच्या दुकानात रेघा ओढायला होतो. मॅट्रिकला इंग्रजीनं मला दोनदा लोळवलं, पण हात सरळ होता. कमिटीच्या दिवशी नकाशांची भेंडोळी घेऊन कचेरीच्या व्हरांड्यात बसायचं काम माझं. दार उघडंच असायचं. आतलं सगळं ऐकू यायचं. आणि माझ्या कानात गेलेला आवाज तोंडातनं बाहेर पडल्याबिगर राहत न्हाय, हा मला जन्माचा रोग.

कमिटीचे अध्यक्ष एक वकीलसाहेब. बाकीचे दोन मेंबर मान हलवायला. चौथा ओव्हरसियर, तो जागा बघून यायचा आणि विचारलं तरच बोलायचा. मैंदर्गीकडचा माणूस, घरात कानडी, त्यामुळं मराठी बोलताना शब्द तोलून ठेवल्यासारखा ठेवायचा.

आता तुमी म्हणाल, नकाशा पास करायला कायदा असंलच की. होता. संडास कुठं, गटार कुठं, पाया किती खोल, एवढं छापलेलं होतं. पण घर रस्त्यावरनं कसं दिसावं, किती पुढं यावं, शेजारच्या घराशी कसं जुळावं, ह्याला कागदावर एक शब्द न्हवता. तितं वकीलसाहेबांचं एकच माप. शोभा.

"हं..." मग तपकिरीची चिमूट, मग सुर्र, मग रुमाल. "ह्यात शोभा नाही. रस्त्याला शोभा आली पाहिजे. पुढच्या महिन्यात पाहू."

शोभा म्हणजे काय, हे विचारायची टाप कुणाची? माढ्याकडनं आलेल्या एका धान्यवाल्याचा नकाशा आषाढात परत आला. शोभा न्हाय. त्यानं तोच नकाशा, रेघसुद्धा न बदलता, श्रावणात परत दिला, तर पास. मधल्या काळात फक्त साहेबांची दुखरी दाढ निघाली होती. एकानं शेजाऱ्याचं बघून कमानी काढल्या, तर त्याला ऐकवलं, "सगळ्यांनीच कमानी काढल्या तर हा रस्ता आहे का धर्मशाळा?" शेजारी बिचारा कमानीच्या आत बसून ऐकत होता.

मग लोकांनी काय करावं? लोक माझ्याकडं यायला लागले.

कचेरीच्या मागं चहाचं दुकान होतं. तितं मी कमिटी भरवायचो. माणूस नकाशा घेऊन यायचा, टेबलावरच्या कपबशा बाजूला सारायचा, मी खुर्चीवर मागं रेलायचो, डोळे बारीक करायचो, आणि सुर्र.

"हे काय आहे? खिडकी आहे का बिळ?"

माणूस घाबरून खरंच उत्तर द्यायचा. "साहेब, हवेसाठी..."

"हवेसाठी! आणि शोभेसाठी?"

सगळं दुकान लोळायचं. साळ्यांच्या पेठेतला एक म्हातारा तेलुगू मामा टाळी देऊन म्हणायचा, "अबाबा! येकदम खराच बसलाय की गा!" पण हसून झाल्यावर माणूस नकाशातली खिडकी मोठी करून घ्यायचा, आणि खऱ्या कमिटीत ती पास व्हायची. माझं नाव झालं. आधी खोट्या कमिटीत पास व्हा, मग खऱ्या. मास्तर ओरडायचे, पण गिऱ्हाईक वाढल्यावर तेपण हळू आवाजात ओरडायचे.

एकदा ओव्हरसियर मागच्या बाकावर चहा पीत बसला होता, मला दिसलाच न्हाय. माझं नाटक संपलं, सगळे हसले, तो न्हाय हसला. कप खाली ठेवून म्हणाला, "हसताय. हसा. पन अख्ख्या गावाचं माप ह्या पोराच्या जिबंवर आलंय. आनि त्येच्या जिबंवर कुठनं आलं? दुसऱ्याच्या दाढंतनं." मग माझ्याकडं बघितलं. "येक दिवस कुनाच्या तरी डोक्यावर येनार, अप्पा, हे."

मी त्याची नक्कल करायला तोंड उघडलं आणि काय की, आवाजच फुटला न्हाय.

त्याच पावसाळ्यात दाजींनी घर काढलं. दाजी मिलमधे जॉबर, म्हणजे साच्यांवरच्या कामगारांचे मुकादम. भोंग्यावर उठणारा, भोंग्यावर जेवणारा सरळ माणूस. त्यांनी वळणावरचा कोपरा घेतला होता. आणि तो रस्ता काठ्यांचा.

आमच्याकडं पौषात गड्ड्याची जत्रा भरते, सिद्धरामेश्वराच्या काठ्या निघतात. माडीला लागेल एवढी उंच सजवलेली काठी, आणि ती एकटा माणूस कमरेच्या पट्ट्यावर तोलून चालतो. अंगात पांढरी बाराबंदी, मान वर, नजर शेंड्यावर. पाय रस्त्याच्या भरवशावर सोडलेले. वाटेत काठी कलवायची न्हाय, आडवी घ्यायची न्हाय. भोवती माणसांचा असा गच्च लोट असतो की तीळ टाकला तर खाली पडायचा न्हाय. काठी पडली तर वर्ष कसं जाईल ते देव जाणे, आणि त्या लोटावर पडली तर तेवढं जाणायला देव लागत न्हाय.

अक्काला सज्जा पायजे होता तो ह्या काठीसाठीच. तिच्या सासरच्या जुन्या घरात बायकांनी दाराच्या फटीतनं बघायचं. मला म्हणाली, "लगीन झाल्यापासनं मला निस्ता शेंडा दिसलाय बघ. शेंडा न्हाय तर मानसांची टाळकी. येकदा मला बुडापासनं शेंड्यापतुर काठी बघायची हाय. आनि गल्लीतल्या समद्या बायका बोलवनार हाय मी वर."

नकाशा मीच काढला. सज्जा भिंतीपासनं दोन हात पुढं. तेवढा त्या रस्त्यावर सगळ्यांचाच होता, कुणी लिहून ठेवलं न्हवतं, पण जुनी माणसं तेवढाच काढायची.

कमिटीच्या दिवशी मी व्हरांड्यात. दाजी आत, हातात टोपी.

"दोन हात?" सुर्र. "ही गॅलरी आहे का फळी? अहो, कोपऱ्याचं घर म्हणजे रस्त्याचं नाक. मुंबईला पाहा कशा गॅलऱ्या असतात. चार हात घ्या. रस्त्याला शोभा येईल."

दाजी फुलून म्हणाले, "व्हय साहेब."

मग ओव्हरसियरचा आवाज, हळू. "साहेब, तितं वळण हाय. समोरचं घर दुमजली. आनि त्या वाटेनं काठ्या..."

"कुठल्या नियमाप्रमाणे हरकत घेता?"

आतनं कागद चाळल्याची सळसळ आली. मग तीपण थांबली.

"नियम न्हाय साहेब."

"मग?"

शिक्का पडल्याचा आवाज मी आयुष्यात लई वेळा ऐकलाय. तेवढा मोठा कधी वाटला न्हवता.

बाहेर आल्यावर ओव्हरसियर माझ्याजवळ थांबला. "भिंतीला पाटी असती, ह्या वाटंवर इतकंच पुढं यायचं, तर मी पाटीकडं बोट दाखवलं असतं. मानसाकडं बोट दाखवता येत न्हाय रे. त्येचं बोट मोठं असतंय." आणि छत्री उघडून गेला. ऊन पडलं होतं.

दिवाळीनंतर सज्ज्याचे दांडे भिंतीतनं बाहेर आले. चार हात सागवान, रस्त्यावर. दुपारी त्याची सावली रस्त्याच्या मधोमध पडायची आणि माणसं, का कोण जाणे, ती सावली टाळून चालायची. खाली फुटाणे विकणारी म्हातारी बसायची, तिनं एक दिवस आपलं पोतं उचललं आणि पलीकडं जाऊन बसली. मी विचारलं, "मावशे, जागा का सोडली?" म्हणाली, "हितं मानंवर कुनीतरी बसल्यावानी वाटतंय बाबा."

मग एक कडब्याची गाडी आली. वर रचलेला कडबा सज्ज्याच्या बुडाला अडकला. बैल ओढतायत, गाडीवान ओरडतोय, आणि वरची सगळी लाकडं करकर करतायत. कडबा सुटला, गाडी गेली. सज्ज्याच्या फटीतनं किती वेळ बारीक चुना खाली झरत होता. अक्का वर उभी होती. तिनं पदर झटकला आणि हसून म्हणाली, "घट हाय की!"

मला वाटलं आता हिला सांगावं. सांगितलं, पण माझ्या पद्धतीनं. स्वयंपाकघरात कमरेला मुसळ लावून काठी घेतल्यासारखा चाललो, मान वर, काठीवाल्याच्या घोगऱ्या आवाजात म्हणालो, "सरका, सरका! आरं, ह्यो कुनाचा सज्जा? आलो, आलो, धाडकन!" आणि पडलो. अक्का हसून हसून परातीवर वाकली. म्हणाली, "परत कर की."

मी परत केलं. काय करणार?

मार्गशीर्षात काठ्यांचा सराव सुरू होतो. साधी, न सजवलेली काठी घेऊन मानकरी रोज संध्याकाळी वाटेनं चालतात, म्हणजे पायांना रस्ता पाठ होतो. पहिल्याच संध्याकाळी ते वळणावर आले. मी खालीच होतो. काठी आली, वळली, आणि थांबली. काठी वाटेत थांबलेली मी तोवर बघितली न्हवती. शेंडा एकीकडं सज्ज्यापासून हातभर, दुसरीकडं समोरच्या घराच्या वळचणीपासून हातभर, आणि वाऱ्यानं डोलतोय. हा नुसता बांबू. जत्रेतल्या काठीला वर केवढा साज असतो. काठीवाल्यानं वर बघितलं. मग अख्ख्या घोळक्यानं वर बघितलं. काठी मागं मागं गेली आणि आल्या वाटेनं परतली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यातला थोरला मानकरी दाजींकडं आला. ओट्यावर बसला, पाणी प्याला, लई अदबीनं बोलला. "जॉबरसाहेब, तेवढं लाकूड आत घ्या."

दाजींनी पेटीतनं नकाशा काढला. "हे बघा. शिक्का हाय. मी काय चोरून बांधलंय का? मी दोनच हात मागितलं होतं, कमिटीनं चार दिलं."

"कमिटीला काठी धरायची न्हाय, जॉबरसाहेब."

"मग कमिटीलाच जाऊन सांगा की."

ते गेले. वकीलसाहेब त्यांना म्हणाले, सौंदर्याच्या बाबतीत आपण कुणाच्या दडपणाखाली निर्णय फिरवत नाही. आणि विजापूरच्या कोर्टात काम होतं म्हणून तिकडं निघून गेले. दाजींना राग धरून बसला. पास झालेलं घर मोडलं तर लोक म्हणतील बेकायदा होतं. आणि अक्कानं गल्लीतल्या सगळ्या बायकांना आवतण दिलं. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, सगळ्या वर. मी मनात ते दृश्य रोज बघायचो. वर बायका, मधे शेंडा, खाली टाळकी. चहाच्या दुकानात लोक म्हणायचे, "कर की रे कमिटी!" मी म्हणायचो, "आज घसा बसलाय."

जत्रा तोंडावर आली. दाजी सकाळपाळीला मिलमधे. सुतारकाका सज्ज्याच्या कठड्याला शेवटचा रंधा मारत होते. टांगेवाला माझ्या शाळेतला दोस्त. त्याच्या टांग्याला बायकांसाठी पडदा होता, आणि वकीलसाहेब नेहमी त्याच टांग्यातनं हिंडायचे, हे गावाला माहीत. तो म्हणाला, "मेरेकू मत फसा बे. साब को मालूम हुआ तो मेरा घोडा भी जेल में जाएगा."

"तू निस्ता टांगा उभा कर. बोलणार मी."

टांगा सज्ज्याखाली थांबला. सावली आत आली. पडद्यामागं मी गुडघे पोटाशी घेऊन बसलेलो. वाटलं, पळावं. मग वर बघितलं तर पडद्याच्या फटीतनं ते चार हात दिसले.

सुर्र.

"हं... कोण आहे वर? हे काय लोंबतंय?"

रंधा थांबला. "कोण? वकीलसाहेब? विजापूरहून आलासा?"

"मी कुठून आलो ते तुला काय करायचंय! ही गॅलरी आहे का जिराफाची मान? दोन हात ठेव. बाकीचं आत्ताच्या आत्ता उतरव."

"पर साहेब, तुमीच तर चार हात..."

"तेव्हा शोभा होती. आता नाही!"

सुतारकाकांनी डोक्याला हात लावला, पण त्यांना नवल वाटलं न्हाय. ह्या गावात कुणालाच वाटलं नसतं. त्यांनी फळ्या उचकटल्या, करवत काढली, आणि पहिल्या दांड्यावर चालवली. भुसा टांग्याच्या टपावर पडत होता. तेवढ्यात दार वाजलं आणि अक्का सज्ज्यात आली.

"काका, हे काय चाललंय?"

"वकीलसाहेबांचा हुकूम हाय, ताई. ते काय खाली बसल्यात."

अक्कानं खाली बघितलं. मी पडदा घट्ट धरला आणि घाईघाईत आणखी एक सुर्र काढला. करवत थांबलेली. मग अक्का म्हणाली, "कापा मग," आणि आत गेली.

जत्रेच्या दिवशी मी खाली गर्दीत उभा होतो, वर न्हाय. वर बायका खच्चून भरलेल्या. अक्का मधोमध, नवं लुगडं. काठी वळणावर आली. काठीवाल्याची मान वर, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. वाजंत्री आपोआप बारीक झाली. शेंडा डोलला, समोरच्या वळचणीकडं गेला, तितनं परत फिरला, सज्ज्याकडं आला, आला, आणि शेंड्याचा गोंडा कापलेल्या दांड्याच्या टोकावरनं घासत गेला. खर्र. वर बायकांनी श्वास घेतलेला मला खाली ऐकू आला. काठी पुढं गेली. कुणीतरी हर्र बोला हर्र म्हणालं, मग सगळा रस्ता म्हणाला. मी ओरडलो ते माझ्याच आवाजात, पण कुणाच्या कानात गेलं नसणार.

मग वकीलसाहेब आले विजापूरहून, सुतारकाकांनी त्यांना त्या हुकमाचं सांगितलं, आणि मला बोलावणं आलं.

"माझा आवाज चोरलास? माझा? हं..." आणि त्यांनी तपकिरीला हात घातला, माझ्याकडं बघितलं, आणि हात तसाच बाहेर काढला. बाकीचे दोन मेंबर खिडकीबाहेर बघत होते, त्यांचे खांदे हलत होते. "तुला पोलिसांत दिला पाहिजे. कमिटीच्या नावानं हुकूम देतोस! उद्या कोणीही उठेल आणि टांग्यात बसून गाव पाडेल!"

तेव्हा ओव्हरसियर न विचारता बोलला. "तेच म्हंतो साहेब. पाटी लावली तर टांग्यात कुनी बी बसूं दे, काय फरक पडनार?"

वकीलसाहेबांनी त्याच्याकडं असं बघितलं की मला वाटलं गेला हा. पण त्यांनी टाक पुढं सरकवला आणि म्हणाले, "लिहा." काठीच्या वाटेवर सज्जा दोन हातांच्या पुढं नको. वळणावर त्याहून कमी. खालनं भरलेली कडब्याची गाडी मोकळी जावी. नवं घर शेजारच्या ओळीत असावं. शेवटी साहेब म्हणाले, "आणि शोभा असावी," तेपण ओव्हरसियरनं लिहिलं. पाटी व्हरांड्यात लागली, मी बसायचो बरोबर तिच्याखाली. चहाच्या दुकानातली माझी कमिटी महिन्याभरात उठली. माणसं पाटी वाचायची आणि घरी जायची. एक दोघं माझ्याकडं असं बघायची, जशी मेलेल्या माणसाच्या दुकानाकडं बघतात.

हे कळल्यापासनं दाजी माझ्याशी बोलत न्हवते. वडील बोलले, ते हितं लिहिण्यासारखं न्हाय. अक्काकडं जेवायला गेलो तर तिनं ताट वाढलं, समोर बसली, आणि मी घास घेणार एवढ्यात म्हणाली,

"पडद्यामागं तू हाईस हे मला पयल्या सुर्रलाच कळलं हुतं. माझ्या सयपाकघरात शंभरदा केलायस की तो. वर हुभी राहिले आनि बघितलं, तर पडदा धरलेली बोटं थरथरताना दिसली. तवा मला कळलं की तू भ्यालायस. आरं मेल्या, दोन म्हैनं माझ्या चुलीम्होरं नाचलास, मुसळ घेऊन पडलास, काठीवाला झालास, वकील झालास, सोंग म्हणून येक सोडलं न्हाईस. येकदा माझा भाऊ होऊन म्हनायचं हुतंस की, अक्का, मला भ्या वाटतंय, तू त्या सज्ज्यात हुभी राहू नगंस. करवत मी आनून दिली असती तुला. तुज्या दाजींच्या देखत दिली असती. माझ्या काठीपायी गल्लीतल्या लेकुरवाळ्या बाया मी वर बोलवून ठेवल्या, आनि तू खाली टांग्यात बसून नाक सुरसुरवतोयस! आनि हसू नगंस. हसलास तर ताट उचलीन. कालवन कमी पडलं तर माग, पन तोंडानं माग, नीट, तुज्या."